शस्त्र थांबल्यावरचा क्षात्रधर्म

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाने आरोग्यसेवेत यावे आणि त्याची सुरुवात एखाद्या रुग्णालयात बिनपगारी सेवेने करावी, ही कल्पना अनेक देशांत मांडली गेली आहे. तिच्याकडे सहसा रोजगाराचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. पण तिच्या मुळाशी दोन जुने धर्मप्रश्न आहेत. पहिला स्वधर्माचा. ज्याने उमेदीची वर्षे शस्त्र हाती धरून काढली, त्याने शुश्रूषेकडे वळणे म्हणजे धर्म सोडणे, की त्याच धर्माचा पुढचा टप्पा गाठणे? दुसरा प्रश्न फळाचा. पुढे आपल्याला काम मिळावे या हेतूने केलेल्या सेवेला सेवा म्हणता येईल काय?

प्रश्नाची भूमी

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातील सास्तूरमध्ये या प्रश्नांना स्वतःची पार्श्वभूमी आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सास्तूर उमरगा तालुक्यात होते. गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची वजनदार माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. सरकारी नोंदीनुसार लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून ७,९२८ माणसे गेली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि पन्नासहून अधिक गावे भुईसपाट झाली. सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही गावे त्या पट्ट्यातली.

त्या दिवसांत लष्कराच्या तुकड्या या भागात आल्या. ढिगारे उपसणे, अडकलेल्यांना बाहेर काढणे, जखमींना हलवणे, मृतांना अग्नी देण्यासाठी मदत करणे ही कामे जवानांनी केली. या गावांना सैनिक इतक्या जवळून दिसला तो हातात फावडे आणि स्ट्रेचर घेतलेला. भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या काळातूनच सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. आजूबाजूच्या गावांतून बाळंतपणासाठी, तापासाठी, सर्पदंशासाठी लोक तिथे येतात, आणि गंभीर रुग्ण पुढे लातूरला किंवा सोलापूरला न्यावा लागतो. अशा गावी पेन्शनीवर आलेला जवान परततो, लोक त्याला ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, आणि त्याच्यापुढे निम्मे आयुष्य उरलेले असते.

हे उरलेले आयुष्य या प्रश्नाचा गाभा आहे. आश्रमव्यवस्थेने निवृत्तीची कल्पना केली ती केस पिकल्यावरची, मुलांना मुले झाल्यावरची. सैन्यातला शिपाई मात्र पंधरा-वीस वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे घरी येतो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात, शेत पावसावर अवलंबून असते. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती झालेल्यांची मुदत चार वर्षांची आहे आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम केले जाते; बाकीचे पंचविशीच्या आसपासच परत येतील. म्हणजे सैनिकाची निवृत्ती गृहस्थाश्रमाच्या ऐन मध्यावर, किंवा त्याच्या उंबरठ्यावरच येते. वानप्रस्थाची सेवा त्याला परवडणारी नाही. सेवा आणि चरितार्थ यांचा मेळ घालणे त्याला भागच असते.

स्वधर्माची शंका

गीतेत अर्जुन शस्त्र खाली ठेवतो आणि भिक्षा मागून जगण्याची भाषा करतो. दुसऱ्याचा धर्म कितीही सोपा आणि सोज्वळ वाटला तरी आपला धर्म टाकून तो धरू नये, असे त्याला तिसऱ्या अध्यायात सांगितले जाते. याचा आधार घेऊन असे म्हणता येईल की सैनिकाने शुश्रूषेकडे वळणे हाही परधर्मच.

ही शंका दोन कारणांनी टिकत नाही. अर्जुन कर्तव्य अर्ध्यावर टाकून निघाला होता. निवृत्त सैनिकाने ते पुरे केलेले असते. ज्याने रण सोडले त्याला दिलेला उपदेश, ज्याचे रण संपले त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. क्षात्रधर्म म्हणजे शस्त्र चालवणे, असे शंकाकाराने गृहीत धरलेले असते. शस्त्र हे त्या धर्माचे साधन आहे की सार, हे आधी ठरवायला हवे.

कालिदासाने रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात ‘क्षत्र’ या शब्दाची व्युत्पत्ती दिली आहे. क्षत म्हणजे जखम. क्षतापासून जो त्राण करतो, वाचवतो, तो क्षत्र. ही व्युत्पत्ती ज्या प्रसंगात येते तो प्रसंग तिच्याहून बोलका आहे. दिलीप राजा वसिष्ठांच्या नंदिनी गायीला रानात चारत असतो. सिंह तिच्यावर झेप घेतो. राजा बाण काढायला भात्याकडे हात नेतो आणि हात तिथेच चिकटून राहतो. शस्त्र चालतच नाही. सिंह त्याला समजावतो: तू शक्य ते केलेस, आता घरी जा, यात तुला कमीपणा नाही. दिलीप जात नाही. गायीऐवजी स्वतःचा देह तो सिंहापुढे ठेवतो, आणि आपण असे का करतो हे सांगताना क्षत्र शब्दाचा अर्थ उलगडतो.

या कथेत शस्त्र थांबले तरी धर्म थांबला नाही. हात बांधला गेल्यावर राजापाशी उरले ते फक्त शरीर, आणि संरक्षणाचे काम त्याने त्या शरीराने करायचे ठरवले. निवृत्तीच्या दिवशी शस्त्र शस्त्रागारात जमा करून आलेला सैनिक याच अवस्थेत असतो. त्राणाचे कर्तव्य आपल्यापाशी उरले आहे की शस्त्राबरोबर तेही जमा झाले, हा प्रश्न त्याला सोडवायचा असतो. व्युत्पत्तीचे उत्तर स्पष्ट आहे. जखमेपासून वाचवणे हे मूळ कर्म असेल, तर जखम होऊ नये म्हणून सीमेवर उभे राहणे आणि झालेली जखम धुऊन बांधणे ही त्या एकाच कर्माची दोन टोके आहेत.

क्षात्र हा शब्द इथे कर्माच्या अर्थाने घेतला आहे, जन्माच्या नव्हे. आजचा सैनिक जातीने ठरत नाही, भरतीने ठरतो. मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांतून, सगळ्या जातिधर्मांतून मुले भरतीच्या मैदानावर धावतात. जो शपथ घेऊन उभा राहतो त्याचे हे कर्म.

योद्ध्याचे सात गुण, परिचारकाचे चार

गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाच्या स्वाभाविक कर्माची यादी आहे: शौर्य, तेज, धृती, दाक्ष्य, युद्धातून पळून न जाणे, दान आणि ईश्वरभाव. सातांपैकी एकातच युद्धाचे नाव येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांतल्या परिचारकाचे चार गुण असे: उपचाराचे ज्ञान, दाक्ष्य, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी अनुराग, आणि शौच.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक शब्द दोन्हींत सापडतो: दाक्ष्य. वेळेवर, न गोंधळता, नेमके करणे. रणांगण आणि रुग्णशय्या या दोन्हींनी माणसाकडून मागितलेला हा समान गुण आहे. सैन्य तो अंगी बाणवते: साहित्य जागच्या जागी ठेवणे, नोंद ठेवणे, ड्यूटीवर वेळेआधी हजर राहणे, सांगितलेली पायरी न गाळणे. रुग्णालयात यांतली प्रत्येक सवय कुणाचा तरी जीव वाचवते. गाळलेला एक डोस किंवा न धुतलेले हात यांची किंमत तिथे रुग्ण मोजतो.

धृती आणि अपलायन हेही गुण असेच पार जातात. रात्रपाळीत तिसऱ्या प्रहरी जागे राहणे ही धृती. घाण, आक्रोश आणि मरण यांच्यासमोरून न हटणे हे अपलायन. चरकाच्या यादीतले शौच तर बराकीतल्या शिस्तीचा पायाच आहे.

उपचाराचे ज्ञान मात्र आपोआप येत नाही. सेना वैद्यकीय कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलेल्या जवानाकडे ते बऱ्याच प्रमाणात असते. ३ एप्रिल १९४३ रोजी स्थापन झालेल्या या कोरचे ब्रीदच सर्वांना निरामय आयुष्य इच्छिणारे आहे. पायदळातल्या किंवा तोफखान्यातल्या जवानाला प्रथमोपचार, रक्तस्राव थांबवणे, जखमीला उचलणे एवढे येते. पुढचे सगळे त्याला मुळापासून शिकावे लागते.

खरा बदल योद्ध्याच्या शेवटच्या गुणात आहे. योद्ध्याच्या यादीचा शेवट ईश्वरभावाने होतो, म्हणजे हुकमतीने. परिचारकाच्या यादीत हुकमत नाही, अनुराग आहे. सैन्यात हुकूम वरून खाली जातो आणि तो पाळला जातो. वॉर्डात वेदनेने कण्हणारी म्हातारी हुकूम ऐकत नाही. गोळी थुंकते, सलाईनची सुई ओढते, तेच ते विचारते. तिला गप्प करणे ही हुकमत. ती का घाबरली आहे हे कळेपर्यंत तिच्याजवळ बसणे हा अनुराग. सैनिकाकडून परिचारकाकडे जाणारी वाट सहा गुण बरोबर घेऊन चालता येते. सातव्याचे मात्र रूपांतर करावे लागते, आणि ते पुस्तकाने होत नाही. स्वयंसेवेचे स्थान इथे आहे.

इतर परंपरांची साक्ष

मराठवाड्यातल्या मोठ्या समाजाला गीता प्रमाण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यातल्या वर्णविचारावर कठोर टीका केली आहे. म्हणून हा प्रश्न बौद्ध परंपरेतही पाहणे आवश्यक आहे, आणि तिथे तो अधिक धारदार होतो.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो आणि इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली असते. बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतात, उचलून खाटेवर ठेवतात, आणि मग संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे येतात. त्याला औषध तयार करता यावे; पथ्य आणि अपथ्य कळावे; मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना किळस वाटू नये; धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता यावा. आणि त्याने सेवा मैत्रीच्या भावनेने करावी, लाभाच्या आशेने करू नये. हे लक्षण पुढच्या प्रश्नाला थेट भिडते.

मज्झिमनिकायातली लुटारू अंगुलिमालाची कथा याहून नाजूक आहे. सैनिकाची तुलना लुटारूशी होऊ शकत नाही. एकाची हिंसा कायद्याखाली आणि देशाच्या आज्ञेने होते, दुसऱ्याची गुन्हा असते. तरी ज्या हाताने जीव घेतला आहे त्या हाताला जीव राखण्याचा अधिकार उरतो काय, एवढ्या मुद्द्यापुरती ही कथा सर्वांची आहे. भिक्खू झालेल्या अंगुलिमालाला श्रावस्तीत बाळंतवेणांनी अडलेली एक स्त्री दिसते. आपण जन्मापासून जाणूनबुजून जीव घेतला नाही या सत्यवचनाने तिचे कल्याण होवो, असे तिला सांगायला बुद्ध त्याला पाठवतात. तो म्हणतो की हे तर खोटे होईल. तेव्हा बुद्ध शब्द सुधारतात: आर्य जन्म घेतल्यापासून. त्या वचनाने ती स्त्री सुखरूप बाळंत होते. भूतकाळ लपवून इथे सेवा झालेली नाही. तो कबूल करून, त्याच्या पुढच्या आयुष्याच्या बळावर ती झाली. युद्धाचे ओझे मनावर घेऊन आलेल्या सैनिकाला ही कथा वाट दाखवते, पण घाई करू देत नाही.

शीख परंपरेत भाई कन्हैया आनंदपूरच्या रणात जखमींना पाणी पाजत. शत्रूच्या जखमींनाही ते पाणी देतात, अशी तक्रार गुरू गोविंदसिंगांकडे गेली. गुरूंनी त्यांना दोष दिला नाही. पाण्याबरोबर मलमपट्टीचे साहित्यही दिले. ज्या गुरूंनी खालसा उभारला आणि ज्यांचा देह नांदेडला विसावला, त्यांनी शस्त्र आणि मलम एकाच छावणीत ठेवले.

युरोपात या वाटेने गेलेला नमुनेदार माणूस म्हणजे कामिलुस दे लेल्लिस. १५५० मध्ये इटलीत जन्मलेला हा उंचापुरा शिपाई व्हेनिसच्या बाजूने तुर्कांविरुद्ध लढला. पायाची जखम बरी होत नव्हती म्हणून तो रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाला. उपचाराच्या बदल्यात तो तिथेच हलकी कामे करू लागला. पहिल्या खेपेस जुगार आणि भांडणे यांपायी त्याला काढून टाकले गेले. काही वर्षांनी तो परत आला, शुश्रूषा शिकला, त्याच रुग्णालयाचा व्यवस्थापक झाला, आणि आजाऱ्यांची सेवा करणारा संघ त्याने स्थापन केला. त्या संघाच्या झग्यावर तांबडा क्रूस असे. प्लेगच्या रुग्णालाही सोडून जायचे नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. युद्धातून पळून न जाण्याचा गुण इथे शब्दशः रुग्णशय्येजवळ आणून ठेवलेला दिसतो. कामिलुसचा पहिला प्रयत्न फसला होता, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे. सैनिक असणे ही शुश्रूषेची पात्रता नव्हे; ती नव्याने कमवावी लागते.

सेवा आणि फळ

आता दुसरा प्रश्न. महावग्गाने लाभाची आशा ठेवणाऱ्याला चांगला शुश्रूषक मानलेले नाही. गीतेने कर्म सांगितले आणि फळावरचा हक्क नाकारला. मग सहा महिने रुग्णालयात विनावेतन राबून पुढे तिथेच किंवा दुसरीकडे नोकरी मिळावी, असे ज्याच्या मनात आहे त्याची सेवा सकाम ठरते, आणि म्हणून खालच्या पायरीची ठरते काय?

हा आक्षेप सरळ वाटतो, कारण त्यात पैशाचे फळ तेवढे फळ धरले आहे. फळे आणखीही आहेत. पुण्यासाठी सेवा करणाऱ्याला परलोकातले फळ हवे असते. मनावरचे ओझे उतरावे म्हणून सेवा करणाऱ्याला शांतीचे फळ हवे असते. गावात मान मिळावा म्हणून करणाऱ्याला कीर्तीचे. या तिघांच्याही दृष्टीला रुग्ण हे साधन बनू शकते, आणि त्याला ते कळतेही. आपल्या वेदनेवर कुणी पुण्य कमावते आहे, हे रुग्णाला नोकरी शोधणाऱ्याच्या हेतूइतकेच बोचू शकते. चरितार्थाची इच्छा या सगळ्यांत निदान उघड आणि प्रामाणिक असते.

आयुर्वेदाच्या परंपरेने या बाबतीत समतोल राखला आहे. चिकित्सा दुकानातल्या मालासारखी विकणाऱ्याने सोन्याची रास सोडून धुळीची रास घेतली, असे चरकसंहिता बजावते. तीच संहिता आयुर्वेदाच्या अभ्यासाची प्रयोजने सांगताना धर्माबरोबर अर्थही मानते. म्हणजे उपजीविका निषिद्ध नाही; विक्री निषिद्ध आहे. सीमारेषा मोबदल्याच्या असण्या-नसण्यावर नाही. कुणाची गरज आधी, यावर ती आहे. पगार घेणारी सिस्टर रात्री दोनला उठून रुग्णाची कूस बदलते तेव्हा ती सेवाच करते. बिनपगारी स्वयंसेवक फोटो काढून होताच निघून जातो तेव्हा तो सेवा करत नाही.

फलत्यागाचा अर्थही यातून स्पष्ट होतो. शेतकरी पीक यावे म्हणूनच पेरतो. पीक येईलच अशी हमी असेल तरच पेरीन, असे तो म्हणत नाही, आणि पाऊस लांबला म्हणून निंदणी सोडत नाही. स्वयंसेवकाने नोकरीची इच्छा धरण्यात दोष नाही. त्या इच्छेने समोरच्या कामाची प्रत ठरू लागली, साहेब पाहतात तेव्हा एक वागणूक आणि नसताना दुसरी अशी झाली, म्हणजे मग फळाने कर्माचा ताबा घेतला. सैनिकाला ही कसोटी अनोळखी नाही. पहारा कुणी पाहत नसतानाच खरा असतो, आणि पहाऱ्याचा पगार घेतला म्हणून तो खोटा ठरत नाही.

स्वयंसेवेची साधना

पगाराआधीचा हा काळ साधनेचा का म्हणावा, हे त्यातल्या कामांवरून कळते. ग्रामीण रुग्णालयात आलेल्या नव्या स्वयंसेवकाच्या हाती इंजेक्शन देता येत नाही. आवश्यक शिक्षण आणि नोंदणी यांवाचून उपचार करणे बेकायदेशीर आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच्या वाट्याला येते ते केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्यांना बसायला जागा करून देणे, व्हीलचेअर ढकलणे, तपासणीचा नमुना पोचवणे, नातेवाइकांना डॉक्टर काय म्हणाले ते साध्या भाषेत समजावणे, रक्तदाता शोधणे, एकट्या रुग्णाला घास भरवणे. यांत पराक्रम नाही, हुद्दाही नाही. ज्याला गावाने ‘मेजर’ म्हटले, त्याला इथे सफाई करणाऱ्या मावशींचे ऐकावे लागते, कारण वॉर्ड त्यांना त्याच्याहून जास्त कळतो.

याच ठिकाणी ईश्वरभाव विरघळतो. शुश्रूषा हे बायकांचे काम, घाण उचलणे हे अमक्या जातीचे काम, अशी जी उतरंड गावात आणि मनात असते, ती बेडपॅन हाती घेतल्यावाचून मोडत नाही. सेवाग्रामला कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, त्याचा हाच अर्थ होता.

शौर्याचाही अर्थ इथे बदलतो. बाबा आमटे यांनी एका स्त्रीला इंग्रज सैनिकांच्या तावडीतून सोडवले, त्यावरून गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. तेच बाबा पावसात पडलेल्या एका कुष्ठरुग्णाला पाहून भीतीने पळाले. त्या भीतीची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली, आणि त्या वाटेनेच पुढे १९४९ मध्ये आनंदवन उभे राहिले. बंदुकीला न भिणारा माणूस सडलेल्या जखमेला भिऊ शकतो. ही भीती कळणे आणि ओलांडणे, यासाठी काही काळ नुसते जवळ राहावे लागते. हे काम आपल्याला झेपणारे नाही, हेही त्याच काळात कळू शकते, आणि तसे कळणे हा पराभव नव्हे. नोकरीच्या बंधनाआधीचा काळ स्वतःला पारखून घेण्यासाठीच असतो.

युद्धाचा घाव मनात असलेल्यांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. अपघात विभागातले रक्त आणि किंकाळ्या जुने प्रसंग जागे करू शकतात. अशा वेळी त्याला स्वतःला उपचार हवा असतो. सेवा हा त्या उपचाराचा पर्याय नाही. रुग्णाच्या शय्येवर आपली जखम बरी करून घेण्याची अपेक्षा ठेवणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. सेवेतून मन शांत झाले तर ती कृपा. त्यासाठी रुग्णाला राबवून घेऊ नये.

समाजाकडचे देणे

निष्कामतेचा उपदेश सेवा करणाऱ्याने स्वतःला करायचा असतो. सेवा घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्याला करू लागणे हा त्याचा विपर्यास आहे. स्वयंसेवकाने फळ मागू नये, हे त्याचे व्रत असू शकते. त्याला फळ देऊ नये, हे कुणाचेही व्रत असू शकत नाही. रिकामी पदे न भरता स्वयंसेवकांवर वॉर्ड चालवणे हे शोषण आहे. म्हणून अशा सेवेला मुदत हवी, शिकवणारा माणूस हवा, केलेल्या कामाची नोंद हवी, आणि पुढे शिक्षणाकडे नेणारी पायरी हवी.

ही पायरी बांधता येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय साहाय्यक म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. सेवेच्या काळात त्यांनी कमावलेले कौशल्य नागरी जीवनात कुठल्याच चौकटीत बसत नव्हते. १९६७ मध्ये त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा ‘फिजिशियन असिस्टंट’ हा पेशा जन्माला आला. सैनिकाच्या हातातले ज्ञान वाया जात होते. समाजाने त्याला नाव आणि मान्यता दिली.

भारतात पायरीचे काही दगड हाताशी आहेत. निवृत्तीआधी पुनर्वसनाचे प्रशिक्षण मिळते; जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत; महाराष्ट्रात शासकीय सेवेच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे; २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आणि तिचे दवाखाने चालतात. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मागच्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्या सैनिकी वैद्यकीय मनुष्यबळाला आपापल्या घराजवळच्या कोविड केंद्रांत काम करण्यासाठी परत बोलावले गेले. डॉक्टर नसलेल्या गावकऱ्यालाही आरोग्याचे काम शिकवता येते, हे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिले. सास्तूरच्या जवळ, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. कमी शिकलेल्या बाईच्या हाती गावाचे आरोग्य सोपवता येते, तर शिस्तीत मुरलेल्या माजी सैनिकाला त्या कामात तिच्या शेजारी उभे करणे अशक्य नाही. तिच्या शेजारी, तिच्यावर साहेब म्हणून नव्हे.

या दोन प्रश्नांची उत्तरे अशी एकमेकांना मिळतात. त्राण हे ज्याचे मूळ कर्म, त्याने शुश्रूषेकडे वळणे हा स्वधर्माचाच विस्तार आहे. मात्र हुकमतीच्या जागी अनुराग यावा लागतो आणि त्यासाठी विनावेतन, विनाहुद्दा सेवेचा काळ उपयोगी पडतो. त्या काळात चरितार्थाची इच्छा मनात असली तरी रुग्णाची गरज पहिली राहिली तर सेवा अखंड राहते. ती इच्छा पुरी करण्याची जबाबदारी मग सेवकाची उरत नाही, ती समाजाची होते. १९९३ च्या त्या पहाटेनंतर सास्तूरच्या ढिगाऱ्यांवर हात जखमी करून घेणाऱ्या जवानांनी, पुढे काय मिळेल हे विचारले नव्हते. त्यांच्यासारखा कुणी आज शस्त्र ठेवून गावच्या रुग्णालयाच्या दारात उभा राहिला, तर त्याला काय शिकवायचे आणि पुढे कुठे सामावून घ्यायचे, याचे उत्तर तयार ठेवणे हे गावाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.